शाळा नऊची, झोप अकराची

महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी एक निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा तो निर्णय. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. झोपेचा विचार करून शाळेची वेळ ठरावी, हे स्वागतार्हच आहे. तरीही त्यामागचा तर्क तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला, दुपारची झोप धरून, दिवसाला १० ते १३ तास झोप हवी. रात्री अकराला झोपलेले मूल सातच्या शाळेसाठी सहाला उठले, तर त्याला सात तास मिळतात. शाळा नऊची झाली आणि ते साडेसातला उठले, तर साडेआठ. दीड तासाचा हा लाभ लहान नाही. पण उद्या उशिरा उठायचे म्हणून निजण्याची वेळ तासभर पुढे सरकली, तर हाती राहतो अर्धा तास. शासननिर्णयाने उठण्याची वेळ बदलते, निजण्याची नाही.

मग मूल अकरापर्यंत जागे का राहते? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात त्याचे एक उत्तर लोकलच्या वेळापत्रकात सापडते. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. सातला कचेरी सोडलेली आई नऊच्या सुमारास घरी पोचते. त्यानंतर स्वयंपाक, जेवण, आवराआवर. कारखान्यात पाळी असेल, घरातच शिलाईचे काम चालत असेल, तर एका खोलीच्या घरात दिवा लवकर मालवत नाही. आम्ही स्वतः अंबरनाथला राहतो. आमची मुलगी चार वर्षांची असताना आमची गाडी येईपर्यंत जागी राहायची. तिला आधीच निजवा, असे घरी सांगण्याचा धीर आम्हाला कधी झाला नाही. दिवसभरात आमची भेट व्हायची ती तेवढीच.

उजेडाचा परिणाम काय होतो? २०१८ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना निजण्यापूर्वी तासभर प्रखर उजेडात ठेवले. शरीराला रात्रीची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक सुमारे ८८ टक्क्यांनी घटले. मुले दहाच होती आणि उजेड घरातल्या दिव्यापेक्षा पुष्कळ प्रखर होता. तेवढ्यावरून घराविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. परंतु त्याच गटाने २०२२ मध्ये ३६ मुलांवर केलेल्या अभ्यासात मंद उजेडानेही मोठी घट दिसली. मेलाटोनिन घटले म्हणजे झोप तेवढीच घटली, असे नव्हे. तरी टीव्ही आणि मोबाइल बंद करूनही डोक्यावरचा दिवा आपले काम करीत राहतो, एवढे दिसते.

म्हणून ‘पालकांनी मुलांना लवकर निजवावे’ हा उपदेश आम्हाला अपुरा वाटतो. तो दोष आईच्या माथी मारतो आणि तिच्या हाती असलेले उपाय सांगत नाही. जेवणानंतर मोठा दिवा मालवून छोटा लावणे, सुट्टीच्या दिवशीही निजण्या-उठण्याची वेळ फारशी न बदलणे, एवढे बहुतेक घरांत जमू शकते.

बालवर्गाच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट करता येईल. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ४० मुलांवर झालेल्या प्रयोगात, दुपारी झोपलेल्या मुलांना सकाळच्या खेळातील चित्रांच्या जागा अधिक आठवल्या. रोज दुपारी झोपणाऱ्या मुलांना हा लाभ विशेष झाला. ज्यांची झोप चुकली त्यांची उणीव रात्रीच्या झोपेनेही भरून निघाली नाही. तेव्हा दुपारी पेंगणाऱ्या मुलाला हलवून जागे करण्याऐवजी त्याच्यासाठी सतरंजी अंथरावी.

शिक्षकांनी आपल्या वर्गापुरती एक आठवड्याची नोंद ठेवून पाहावी. मूल केव्हा निजले, केव्हा उठले, दुपारी किती झोपले आणि घरातले शेवटचे माणूस कामावरून केव्हा परतले, हे चार रकाने पुरेत. शाळेच्या वेळेने किती साधले आणि किती राहिले, हे त्यातून कळेल.