नाशिक प्रांतांतील सूफी धर्मप्रसारक : एका विधानाचें परीक्षण

वणी हें गांव संशोधकांस परिचित आहे तें राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या शके ७३० च्या ताम्रपटामुळें. त्यांत दाता, प्रतिग्रहीता व दिलेलें गांव यांचा स्पष्ट निर्देश आहे. त्यांतील मयूरखंडी म्हणजे वणीजवळचा मार्किंड्याचा किल्ला, हें ब्यूलर यांचें मत पुढें वादग्रस्त ठरलें. पण वाद करावयास मूळ अक्षरें तरी समोर आहेत. याच प्रांतांत इस्लाम कसा पसरला, या प्रश्नाचा निर्णय मात्र अशा अस्सल साधनावांचून दिला गेला आहे. त्याची येथें छाननी करावयाची आहे.

टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांचा इस्लामच्या प्रसारावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ सालीं निघाला. दुसरी आवृत्ति १९१३ ची. हा प्रसार मुख्यतः उपदेशानें झाला, तलवारीनें नव्हे, असा त्यांचा सिद्धांत. नाशिकासंबंधीं ते लिहितात कीं, शाह महंमद सादिक सरमस्त हुसेनी हे १५६८ मध्यें मदिनेहून आले, पश्चिम हिंदुस्थानांत बहुतेक फिरले व अखेर नाशिकास स्थायिक झाले; त्यांच्यापूर्वीं सुमारें ५० वर्षें ख्वाजा खुनमीर हुसेनी यांनीं याच जिल्ह्यांत कार्य आरंभिलें होतें. सादिक शाह हे सर्वांत यशस्वी प्रसारक ‘असल्याचें म्हणतात’, असेंही ते नमूद करतात.

या ‘म्हणतात’ शब्दावरच आमचा कटाक्ष आहे. आर्नल्ड यांचा आधार मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड. तो १८८३ चा. म्हणजे घटनेनंतर तीनशें वर्षांनीं केलेलें माहितीचें संकलन. तेथील समजूत ग्रंथांत उदाहरण बनली, आणि पुढील वाचकांनीं उदाहरणास प्रमाण मानिलें. ऐकीव गोष्ट दोनदां छापल्यानें पुरावा होत नाहीं.

जेथें समकालीन लेखन उपलब्ध आहे तेथें चित्र निराळें दिसतें. खुलताबादचे चिश्ती सत्पुरुष बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्यें वारले. शिष्यांनीं टिपून ठेविलेलीं त्यांचीं संभाषणें कार्ल अर्न्स्ट यांनीं अभ्यासिलीं. त्यांच्या १९९२ च्या ग्रंथाचा निष्कर्ष असा कीं, धर्मांतर हा त्या संभाषणांचा विषय जवळजवळ नाहींच. चर्चा आहे ती गुरुसेवा, ध्यान, समा व नीति यांची. हजारोंनीं धर्मांतरें करविणारा पीर उत्तरकालीन चरित्रकथांत अवतरतो.

विजापूरच्या सूफींवरील रिचर्ड ईटन यांचा १९७८ चा ग्रंथ आम्हांस अधिक मार्गदर्शक वाटतो. जात्यावर व चरख्यावर म्हणावयाचीं दखनी गीतें, चक्कीनामे व चरखानामे, त्यांनीं पुढें आणिलीं. दळतां दळतां स्त्रियांच्या मुखीं अल्ला, पैगंबर व पीर यांचीं नांवें बसलीं. दर्ग्याशीं जडलेला असा संबंध पिढ्यानपिढ्या मुरत गेला व घराणीं हळूहळू मुसलमान झालीं, असें त्यांचें विवेचन. जात्यावरची ओवी ज्यांच्या घरांत होती त्या मराठी वाचकांस हें समजावून सांगणें नको.

शिवाय वाट एकाच दिशेची नव्हती. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्मानें मुसलमान. त्यांचे गुरु चांद बोधले कादिरी परंपरेंतील मानले जातात. परंतु त्यांचा शके १५६७ चा ‘योगसंग्राम’ मराठींत असून वेदांतपर आहे. आर्नल्ड यांच्या चौकटींत अशा पुरुषास जागा कोठें?

तलवार हेंच एकमेव कारण मानणाऱ्या मतास आर्नल्ड यांनीं धक्का दिला, हें त्यांचें ऋण आम्ही मान्य करतों. पण तलवारीच्या जागीं त्यांनीं उपदेशक बसविला. ज्यांनीं धर्म बदलला तीं माणसें दोन्ही मतांत मुकींच राहिलीं. त्यांस बोलतें करणें संग्राहकांच्या हातीं आहे. वणी-दिंडोरी टापूंत कोणाच्या रुमालांत दर्ग्याच्या इनामाची सनद, महजर वा गुरुपरंपरेचा शजरा असल्यास त्याची नक्कल शिक्का, तारीख व मूळ शब्दांसह प्रसिद्ध करावी. फारसी वा मोडी वाचतां येत नाहीं म्हणून तो बाजूस टाकूं नये. असा कागद हातीं येईपर्यंत १५६८ च्या विधानापुढें ‘परंपरागत समजूत’ एवढेंच लिहिणें इतिहासकाराच्या प्रामाणिकपणास शोभेल.