‘आयर्न कौन्सिल’ : कायद्यापलीकडील भूमी आणि न्यायाचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या यंत्रांचे जग कल्पनेच्या बळावर विस्तारणाऱ्या साहित्यप्रकारास के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘स्टीमपंक’ ही संज्ञा दिली. या प्रकारातील पुष्कळसे लेखन यंत्रांच्या नवलाईत रमते. ती यंत्रे कोणाच्या श्रमावर चालतात, हा प्रश्न त्यात अभावानेच विचारला जातो. ब्रिटिश लेखक चायना मिएव्हिल (जन्म १९७२) यांची ‘आयर्न कौन्सिल’ (२००४) ही कादंबरी मात्र याच प्रश्नावर उभी आहे. ‘पर्डिडो स्ट्रीट स्टेशन’ (२०००) व ‘द स्कार’ (२००२) यांच्यानंतरची, बास-लॅग या काल्पनिक जगात घडणारी ही तिसरी कादंबरी असून २००५ साली तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे न्याय कसा मागावा, हे साहसकथांचे जुने सूत्र ही कादंबरी कशा प्रकारे उलटे करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदा आणि अराजक

न्यू क्रोबुझॉन या महानगरातील एक कंपनी खंडापार लोहमार्ग टाकण्यास निघते. रूळ जिथवर जातील तिथवर कंपनीची सत्ता, त्यापुढे ‘मोकळा’ प्रदेश, अशी ही सरहद्द आहे. अमेरिकन वेस्टर्न कथांत अशा सरहद्दीवर एखादा शूर पुरुष येतो व कायदा स्थापन करतो. येथे कायदा आधीपासूनच हजर आहे. कंपनीचे सशस्त्र पहारेकरी आहेत, करार आहेत, शिक्षा आहेत. शिक्षा झालेल्यांची शरीरे न्यायालयाच्या हुकमाने बदलली जातात. कोणाला पशूचे अवयव, कोणाला कोळशावर चालणारी यंत्रे जोडली जातात. या ‘रीमेड’ लोकांकडून नंतर गुलामासारखे काम करून घेतले जाते. अन्य स्टीमपंक कथांत माणूस व यंत्र यांचा मिलाफ शोभेचा असतो. येथे तो निकालपत्राचा परिणाम आहे.

या मांडणीमागे लेखकाचा कायद्याचा व्यासंग आहे. मिएव्हिल यांचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ‘बिट्वीन ईक्वल राइट्स’ हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. सोव्हिएत विधिज्ञ पाशुकानिस यांच्या विचारांचा आधार घेऊन हिंसा ही कायद्याच्या रूपातच अंतर्भूत असते, असे प्रतिपादन ते त्यात करतात. कादंबरीतील रानटी प्रदेश बेकायदा नसून कायद्याच्या विस्ताराचा प्रदेश आहे, हे या संदर्भात ध्यानात येते.

मजुरी, संप आणि चालते गाव

पैशाचा ओघ थांबतो, मजुरी थकते. उधारीवर देह विकण्यास छावणीतील वेश्या नकार देतात व तेथून असंतोष पेट घेतो. ॲन-हारी ही त्यांची नेती मुक्त मजूर व रीमेड यांच्यातील तुच्छतेची भिंत ओलांडते. संपाचे बंडात रूपांतर होते; मजूर आगगाडीच ताब्यात घेतात आणि मागचे रूळ उपसून पुढे टाकत निघून जातात. ज्या कष्टाने कंपनीची मालमत्ता वाढत होती, त्याच कष्टातून आता एक चालते प्रजासत्ताक उभे राहते.

ही केवळ कविकल्पना नव्हे. अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक मार्गावरील हजारो चिनी मजुरांनी १८६७ साली संप केला, तेव्हा त्यांची रसद तोडून तो मोडण्यात आला. आपल्याकडे बोरघाटातील रेल्वेच्या कामावर १८५९ साली थकलेल्या मजुरीवरूनच दंगा उसळला होता. इतिहासात जे मजूर हरले ते गाडी घेऊन निघाले असते तर, हा कादंबरीचा मूळ प्रश्न होय.

सूड आणि न्याय

समांतर कथानकात ओरी हा शहरातील तरुण चर्चेला कंटाळून टोरो नामक बंडखोराच्या टोळीत सामील होतो. नगराध्यक्षाची हत्या हे या टोळीचे उद्दिष्ट. टोरोचा खरा रोख मात्र आपल्याला अमानुष शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशावर आहे, हे अखेरीस उघड होते. तिचे दुःख खरे आहे. तरीही नगराध्यक्ष मरते आणि सत्तायंत्र तसेच चालू राहते. व्यक्तीवरील सूड व व्यवस्थेतील न्याय यांतील अंतर लेखकाने येथे उपदेश न करता दाखविले आहे.

ज्युडाचा निर्णय

शहरात उठाव होतो तेव्हा त्याच्या साहाय्यासाठी गाडी परत फिरते. ती पोहोचेपर्यंत उठाव चिरडला गेलेला असतो व वेशीवर सैन्य वाट पाहत असते. ज्युडा लो हा निर्जीव पदार्थांतून गोलेम घडविणारा नायक. प्राग येथील दंतकथेतील रब्बी ज्युडा लोव्ह यांचे स्मरण त्याच्या नावात आहे. तो काळाचाच गोलेम घडवून गाडी जागच्या जागी गोठवतो. कौन्सिल वाचते, पण तिचे भवितव्य तिच्या हातून जाते. हा निर्णय घेण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असा ॲन-हारीचा सवाल आहे व ती त्याला ठार करते. ज्युडाची करुणा खोटी नाही. परंतु ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना तो विचारत नाही. आपल्या मते हाच कादंबरीचा कळसबिंदू होय. कनवाळू हुकूमही हुकूमच असतो.

मर्यादा

ज्युडाच्या पूर्वायुष्याचा मधला भाग अत्यंत समर्थ आहे. त्या मानाने गाडीवरील दैनंदिन जीवन त्रोटक राहते. तंटे कसे मिटत, नियम कोण करी, याचे पुरेसे चित्रण नाही. कायद्याची चिकित्सा करणाऱ्या लेखकाने पर्यायी न्यायव्यवस्थेचा तपशील टाळावा, ही उणीव जाणवते. ॲन-हारीचे अंतरंगही आपणांस बहुधा इतरांच्या नजरेतूनच दिसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की ‘आयर्न कौन्सिल’मध्ये न्याय हा नायकाने आणून द्यावयाचा पदार्थ नाही, अन्याय सोसणाऱ्यांनी एकत्र येऊन चालविलेली ती कृती आहे. म्हणूनच गोठलेल्या गाडीची प्रतिमा आशेची की पराभवाची, याचा निवाडा लेखक करीत नाही. ती गाडी कधी तरी पुन्हा सुरू होईल. पण ती सुरू व्हावी असे शहर घडविण्याचे काम ज्युडाच्या जादूने होणारे नाही, ते शहरातील माणसांकडेच उरते.