फील्ड मार्शलांचे आजारपण आणि घटनेतील एक कलम

आत्मचरित्र म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतःच केलेला युक्तिवाद होय. तो वाचताना मूळ दस्तऐवज शेजारी असलेला बरा. पाकिस्तानचे फील्ड मार्शल अयूब खान यांचे ‘फ्रेंड्स नॉट मास्टर्स’ १९६७ साली प्रसिद्ध झाले. संसदीय पद्धती आपल्या देशाच्या प्रकृतीस मानवली नाही, म्हणून आपण अध्यक्षीय घटना दिली, हा त्यातील मुख्य प्रतिपाद्य विषय. भाषा स्वच्छ आहे, आत्मविश्वास तर ओसंडून वाहतो. उणीव आहे ती एका प्रश्नाची: हा एक माणूस अंथरुणाला खिळला तर पुढे काय?

नवल असे की, त्यांच्याच घटनेत याचे उत्तर होते. १ मार्च १९६२ रोजी ही घटना त्यांनी स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी एकवचनात जाहीर केली. अध्यक्ष आजारामुळे काम पाहण्यास असमर्थ झाल्यास राष्ट्रीय विधिमंडळाच्या सभापतीने ते पाहावे, अशी तीत स्पष्ट तरतूद होती.

ग्रंथ प्रसिद्ध होऊन वर्षही उलटले नव्हते तोच, १९६८ च्या जानेवारीअखेर, कसोटीचा प्रसंग आला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून अयूब अत्यवस्थ झाले. जनतेला मात्र न्यूमोनिया झाल्याचे सांगण्यात आले. सभापती होते अब्दुल जब्बार खान, पूर्व पाकिस्तानचे. त्यांना कोणी पाचारण केले नाही. पुढे १९९३ मध्ये अल्ताफ गौहर यांनी अयूबचरित्र लिहिले. त्यात ते म्हणतात की अध्यक्षनिवासाचा ताबा व्यवहारतः सेनापती याह्या खान यांच्याकडे गेला होता. मंत्र्यांनाही आत प्रवेश मिळेना.

गौहर यांचा ग्रंथ अधिक मोलाचा, यात शंका नाही. पण साक्षीदार निर्लेप नव्हे. त्या काळी माहिती खात्याचे सचिव तेच होते, आणि मूळ आत्मचरित्राच्या लेखनातही त्यांचा हात होता असे मानले जाते. जी घटना उभी करण्यास त्यांनी लेखणी झिजवली, तिचे उल्लंघन होताना ते स्वतः काय करीत होते, याची उलटतपासणी त्यांनी स्वतःची पुरेशी घेतलेली नाही. वकिलास हे खटकतेच.

सेनापतींनी कलम डावलले, एवढ्यावर दोष संपत नाही. अयूब बरे झाले, कामावर रुजू झाले. आपल्या आजारात घटना कशी गुंडाळून ठेवली गेली, हे त्यांना कळले नसेल असे मानवत नाही. तरीही १९६८ च्या अखेरीस आंदोलनाने देश पेटला आणि पद सोडण्याची वेळ आली, तेव्हा प्रकृतीची सबबही उरली नव्हती. निवड पूर्णतः त्यांची होती. बंगाली सभापतीकडे सूत्रे देण्याचा मार्ग त्यांच्याच घटनेने मोकळा ठेवला होता. २४ मार्च १९६९ रोजी त्यांनी पत्र लिहिले ते याह्या खान यांना. दुसऱ्याच दिवशी लष्करी कायदा पुकारला गेला, घटना रद्द झाली, विधिमंडळ बरखास्त झाले, आणि ज्याला पाचारण करावयाचे ते सभापतिपदही उरले नाही.