नाव शेवटी सांगणारा माणूस

पॉल हार्वे यांची ‘द रेस्ट ऑफ द स्टोरी’ ही मालिका १९७६मध्ये अमेरिकेत एबीसी रेडिओवर सुरू झाली. काही मिनिटांची गोष्ट, नायकाचं नाव अगदी शेवटी. मुलानं लिहिलेलं वाचताना हार्वे असे थांबतात, की बसमध्ये हेडफोन लावलेला मीही श्वास रोखतो.

परवा एका भागात नाव आलं आणि मला ते माहीतच नव्हतं! धक्का फुकट गेला. त्या माणसाचे हाल मात्र डोक्यात राहिले. एरवी ओळखीचं नाव कळताच तेच हाल नुसते कोड्याचे क्लू होऊन जातात. शिवाय ज्याचं नाव झालंच नाही, तो या साच्यात बसणार कसा? हे मला खटकतं. पुढचा भाग नावाआधीच बंद करून बघणार आहे. जमेलसं वाटत नाही.