राजभाषा आणि काव्यभाषा : गोव्यातील वादाचा एक वाङ्मयीन विचार

भाषेला राजमान्यता मिळावी म्हणून झालेल्या लढ्यांत पूर्व बंगालचा लढा प्रथम आठवतो. धीरेंद्रनाथ दत्त यांनी फेब्रुवारी 1948 मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेत बंगालीचा प्रश्न मांडला; 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला; आणि 1956 च्या संविधानाने उर्दूबरोबर बंगालीलाही राजभाषेचे स्थान दिले. या लढ्यात बंगालीच्या हक्काविषयी वाद होता, तिच्या अस्तित्वाविषयी नव्हता. रवींद्रनाथ जिच्यात लिहून गेले तिला कोणाची तरी बोली ठरवणे शक्यच नव्हते. गोव्यातील कोंकणीची वाट याहून वेगळी आणि एका अर्थी अधिक अवघड होती. राजभाषेचे आसन मागण्याआधी आपण भाषा आहोत हेच तिला सिद्ध करावे लागले, आणि तेही मराठीपुढे, म्हणजे सख्ख्या बहिणीपुढे. म्हणूनच हा वाद मराठी समीक्षेच्या आत्मपरीक्षणाचाही विषय ठरतो.

वादाची मुळे गोव्याच्या वाङ्मयव्यवहारातच आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी मात्र त्यांनी कोंकणीत लिहिली, आणि त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. एकाच लेखकाने पुराणासाठी एक भाषा आणि रोजच्या शिकवणीसाठी दुसरी भाषा निवडावी, यात त्या समाजाची भाषिक घडण स्वच्छ दिसते. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. पोर्तुगीज अमलाच्या दीर्घ काळात गोव्यातील हिंदू समाजाने पोथी, भजन, कीर्तन आणि पुढे शाळा यांतून मराठीच्या आधारे आपली सांस्कृतिक परंपरा टिकवली. गोव्यातील मराठी ही तेथे बाहेरून लादलेली भाषा आहे, असे म्हणणे त्यामुळे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु मराठीच्या या न्याय्य दाव्याला एका अन्याय्य युक्तिवादाची जोड दिली गेली. कोंकणीत ग्रंथसंपदा नाही, सबब ती मराठीची बोली होय, असा तो युक्तिवाद. अ. का. प्रियोळकरांसारखे व्यासंगी संशोधकही कोंकणीला मराठीची बोली मानत. वस्तुतः ग्रंथांची विपुलता ही भाषेच्या सांस्कृतिक इतिहासाची साक्ष असते. तिच्या स्वतंत्र घडणीचा निर्णय तीवरून करता येत नाही. सु. मं. कत्रे यांनी 1942 मध्ये 'द फॉर्मेशन ऑफ कोंकणी' या ग्रंथात हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कसोटीवर तपासला होता. शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (1877–1946), यांनी त्याचे उत्तर लिहूनच दिले. ज्या भाषेत गद्य संभवत नाही असे सांगितले जात होते, त्या भाषेत त्यांनी कथा, नाटक आणि वैचारिक निबंध सिद्ध केले. साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हा अकादमीच्या अध्यक्षपदी सुनीतिकुमार चटर्जी होते. बंगालीच्या उगमाचा आणि विकासाचा शोध घेण्यात ज्यांची विद्वत्ता खर्ची पडली, त्यांच्या कारकिर्दीत हा निर्णय व्हावा, हे अर्थपूर्ण आहे.

या संदर्भात बा. भ. बोरकर यांच्या कवितेकडे पाहावे. 'दूधसागर', 'आनंदभैरवी', 'चित्रवीणा' यांच्या कर्त्याविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले. मात्र 'पांयजणां' (1960) आणि 'सासाय' यांचा उल्लेख आमच्या लेखनात बहुधा चरित्रातील तपशील म्हणून येतो. 'सासाय'ला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावरही यात फारसा फरक पडला नाही. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे बोरकर शिकवताना त्यांची कोंकणी कविता वर्गाबाहेरच ठेवली होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. मराठीत लिहिताना बोरकरांच्या पाठीशी संतांची वाणी, संस्कृताचा नाद आणि तांब्यांची गेयता होती. एका संपन्न काव्यभाषेचे ते वारसदार होते. कोंकणीत असा तयार वारसा हाताशी नव्हता. तेथे लोकगीताची लय आणि घरगुती बोलण्याचे वळण यांतून त्यांना काव्यभाषा घडवावी लागली. त्यामुळे त्यांची मराठी कविता अलंकृत होऊन उंचावते, तर कोंकणी कविता ओळखीच्या शब्दाजवळ थांबून त्याचा अर्थ खोल करते. कोंकणी ही नुसती बोली असती, तर हा फरक पेहरावापुरता राहिला असता. तो संवेदनेपर्यंत पोचतो, आणि हा पुरावा कोणत्याही ठरावाहून बलवत्तर आहे.

राजकीय निर्णय त्याच्या गतीने झाला. 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. 1986 च्या अखेरीस भाषेच्या आंदोलनाने हिंसक वळण घेतले आणि त्यात माणसे प्राणांस मुकली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा राज्य झाले, आणि 1992 मध्ये कोंकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवली. मात्र त्यातील व्याख्येनुसार कोंकणी म्हणजे देवनागरीत लिहिलेली कोंकणी. मुंबईत 1892 मध्ये सुरू झालेल्या तियात्राची आणि ख्रिस्ती समाजातील विपुल लेखनाची रोमन लिपी या व्याख्येबाहेर राहिली. ज्यांना काल अस्तित्व सिद्ध करावे लागले, त्यांच्या विजयातही कोणीतरी उंबऱ्याबाहेर उरले.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय एकाच दिवशी झाला. मराठीच्या प्राचीनतेसाठी आपण श्रवणबेळगोळच्या ज्या शिलालेखाचा दाखला देतो, त्यावर कोंकणीचे अभ्यासकही हक्क सांगतात. आता हा वाद जिंकण्याची घाई करू नये. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो या दोन कोंकणी लेखकांना ज्ञानपीठ मिळाल्यानंतर कोंकणीला आमच्या प्रमाणपत्राची गरज उरलेली नाही. गरज आहे ती मराठी समीक्षेला. बोरकरांच्या दोन्ही भाषांतील कविता शेजारी ठेवून वाचल्याखेरीज आपल्या एका श्रेष्ठ कवीचे मूल्यमापन अर्धेच राहणार आहे.