इब्राहिमखानाची थकबाकी

पगारासाठी लढणाऱ्या शिपायाबद्दल चांगलं गद्य फार थोडं आहे. राजासाठी, धर्मासाठी, मुलखासाठी मेलेल्याचे पोवाडे होतात. ज्याचा महिना थकलाय, त्याच्याविषयी लिहायला सहसा कुणी बसत नाही. म्हणूनच काशीराज शिवदेवाच्या पानिपतच्या हकिकतीतलं एक छोटं बोलणं मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ते मराठ्यांच्या कवायती पायदळाचा सरदार इब्राहिमखान गारदी याचं आहे आणि विषय पगाराचा आहे.

काशीराज मूळचा दक्षिणी, चाकरी मात्र अयोध्येच्या नवाबाची. १४ जानेवारी १७६१ रोजी तो शुजाउद्दौल्याच्या गोटात, म्हणजे अब्दालीच्या बाजूला होता. हकिकत त्यानं १७८० साली फारसीत लिहिली. पुढं जेम्स ब्राऊननं ती इंग्रजीत नेली आणि कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ती छापून आली. इतके हात लागूनही मजकुराचा टवका उडालेला नाही.

प्रसंग असा. लढाई उभी राहते आहे. इब्राहिमखान घोडा काढून मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्याकडे येतो, मुजरा करतो आणि बोलायला लागतो. पहिलं वाक्यच तक्रारीचं. माझ्या माणसांना दर महिन्याला तलब मिळालीच पाहिजे, असा मी आग्रह धरतो म्हणून आपली माझ्यावर फार दिवसांची नाराजी आहे. पुढं हिशेब येतो: या महिन्यात आपला खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळालं नाही. मग ‘असो’ म्हणून हा विषय तो अर्ध्या वाक्यात बाजूला सारतो. आणि शेवटी सांगतो, की इतके दिवस घेतलेला पगार आम्ही फुकट खाल्लेला नाही, हे आज आपल्याला दिसेल. एवढं बोलून तो निघूनही जातो. भाऊसाहेब काय म्हणाले, हे काशीराज सांगत नाही. मला वाटतं, इथंच त्याच्यातला लेखक दिसतो. दुसऱ्या कुणी भाऊंच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं.

या बोलण्यात काय नाही तेही पाहावं. मिठाला जागण्याची भाषा नाही, देवाधर्माची शपथ नाही, प्राण ओवाळून टाकणं नाही. मरणाच्या तोंडावर उभा असलेला माणूस मालकाला आधी हे सुनावतो, की तुमची नाराजी अन्यायाची होती. मागणी तो मागं घेत नाही, फक्त आजच्यापुरती बाजूला ठेवतो. थकबाकी तशीच उभी आहे. निष्ठेच्या शंभर भाषणांत नसलेला ताठपणा या एका ‘असो’त आहे.

लुटलेल्या खजिन्याचा उल्लेखही सहज आलेला नाही. दिल्लीहून थैल्या घेऊन निघालेले मराठी स्वार रात्रीच्या अंधारात वाट चुकून शत्रूच्याच छावणीत शिरले, ही गोष्ट काशीराज आधी सांगून चुकलेला आहे. तिथं ती युद्धातली एक फजिती वाटते. इब्राहिमखानाच्या तोंडी आल्यावर कळतं, की त्या थैल्यांत गारद्यांचा महिना होता.

यानंतरचं वर्णन कोरडं आहे आणि कोरडं आहे म्हणूनच अंगावर येतं. खान निशाण स्वतःच्या हाती घेतो. तोफा-बंदुकांचा मारा थांबवायला सांगतो. दोन पलटणी बाजू राखायला ठेवतो आणि सात पलटणी घेऊन अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर संगिनींनी चालून जातो. गारद्याची सगळी किंमत त्याच्या शिस्तबद्ध गोळीबारात, आणि हा गोळीबारच बंद करतो! रोहिल्यांकडचे आठ हजारांच्या आसपास मेले-जखमी झाले, हा आकडा मला फुगवलेला वाटतो. पण त्याच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या आणि त्याला स्वतःला भाल्यांचे वार व एक गोळी लागली, हे काशीराज ज्या सपाट आवाजात सांगतो, त्यावर माझा विश्वास बसतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. काशीराज तर समोरच्या गोटात होता. त्यानं हे बोलणं ऐकलं कुठून? घायाळ इब्राहिमखान लढाईनंतर शुजाच्याच माणसांच्या हाती लागला होता, तेव्हा कानोकानी आलं असेल. किंवा काशीराजानं ते स्वतः रचलं असेल. काही अभ्यासक इथं नाक मुरडतील. मला मात्र हा संशय मजकुराची गोडी वाढवणारा वाटतो. रचलं असेल तर ते परक्या दरबारी चाकरी करणाऱ्या माणसानं रचलं आहे. पगार न होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

खानाचं दुसरं बोलणं याहून धारदार आहे. जखमी अवस्थेत त्याला अब्दालीपुढं नेलं, तेव्हा तो म्हणाला असं काशीराज लिहितो: नशिबापुढं कुणाचं चालत नाही, माझा धनी पडला, मी घायाळ होऊन कैदेत आहे, पण जगलो आणि आपण चाकरीत ठेवलंत, तर भाऊंसाठी जसा लढलो तसाच आपल्यासाठी लढेन. आपल्या मनातला हुतात्मा इब्राहिमखान असं बोलत नाही, आणि वाचणारा इथं जरा दचकतो. पण ही दगाबाजी नव्हे. धनी जिवंत असेतो, पगार नसतानाही, तो हलला नव्हता. आता करार संपला होता आणि कसब तेवढं उरलं होतं. त्याला पुन्हा चाकरी मिळाली नाही. जखमांवर औषधाऐवजी विष लावून त्याला मारलं, असं काशीराज नोंदवतो.

ही दोन बोलणी वाचली की मला ग्रीकांचा झेनोफन हाताशी घ्यावासा वाटतो. इ.स.पूर्व ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस भावाविरुद्ध निघाला, तेव्हा दहा हजारांहून अधिक भाडोत्री ग्रीक त्यानं सोबत घेतले. ‘अॅनाबेसिस’ ही त्यांचीच कथा. सगळ्यांना आठवतो तो डोंगरावरून समुद्र दिसल्याचा आरडाओरडा. मला पहिल्या भागातला एक साधा प्रसंग अधिक आवडतो. तीन महिन्यांहून जास्त पगार थकलेले शिपाई सायरसच्या दाराशी पुन्हा पुन्हा येऊन मागणी करतात. आपल्याकडच्या भाषेत, धरणं धरतात. राजपुत्र वायदे करतो आणि तो मनातून कष्टी आहे हे दिसतं. मग किलिकियाची राणी येते, तिच्याकडून पैसा मिळतो आणि चार महिन्यांचा पगार चुकता होतो. पुढं टार्सस इथं शिपाई अडून बसतात, तेव्हा महिन्याच्या पगाराचा एक दारिक, म्हणजे सोन्याचं एक नाणं, दीड होतो. शेवटचा भाग तर बराचसा थ्रेसच्या राजानं बुडवलेल्या पगाराच्या भांडणातच जातो. झेनोफन स्वतः त्या फौजेतला होता, म्हणून त्याला पैशाची लाज वाटत नाही.

आमच्या फौजांत असा झेनोफन निपजला नाही. गारदी हा शब्द मराठीत काळवंडला तो ३० ऑगस्ट १७७३ला, शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला तेव्हा. त्या दिवशीही आरडाओरडा थकलेल्या पगाराचाच होता. निमित्त खरं की खोटं, हा वाद वेगळा.

आणि आमच्या केळापूर तालुक्यात काय झालं? १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी इथं इंग्रजांच्या कर्नल अॅडम्सनं पळणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाला गाठलं. पेशवा घोड्यावर बसून निसटला, जवळच्या पाच तोफा मागं राहिल्या. पुढं ३ जूनला तो इंग्रजांच्याच माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याचाच तळ वेढला, आणि माल्कमनं मध्ये पडून ते प्रकरण मिटवलं. पेशवाईचा शेवट असा पगाराच्या तगाद्यात झाला. पण त्या अरबांचं एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेलं नाही. इंग्रजांच्या कागदांत ते जमाव म्हणून येतात आणि जमाव म्हणूनच जातात. त्यांच्यातला एखादा बाजीरावापुढं उभा राहून काय म्हणाला असेल, हे लिहायला त्या तळावर काशीराज नव्हता.

पानिपतावर मराठीत रडणं पुष्कळ झालं आहे, गर्जनाही झाल्या आहेत. त्या सगळ्यांत काशीराजाचं हे पाच-सहा ओळींचं पगाराचं बोलणं मी सर्वांत वर ठेवतो, भाऊसाहेबांनी लढाईआधी काशीराजाला लिहिलेल्या त्या प्रसिद्ध शेवटच्या चिठ्ठीच्याही वर.