फादर ब्राऊन यांच्या कथा आणि आपल्या घरची वाचणारी मुले

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एका मातेने मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हांला थांबवून एक प्रश्न विचारला. तिची नववीतली मुलगी दिवसरात्र खुनाच्या कथा वाचत असते. जेवतानाही तिच्या हातचे पुस्तक मिटत नाही. "बायबल उघडायला सांगितले की हिला झोप येते, आणि खून कोणी केला ते कळेपर्यंत मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. ह्यात काही पाप तर नाही ना?" आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर वाटले, प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. करमणुकीसाठी वाचलेल्या कथेतूनही मुलांच्या मनात पाप म्हणजे काय, पापी म्हणजे कोण, ह्याची एक कल्पना नकळत रुजत असते. ती कल्पना कोणती, एवढे तरी आपण पाहायला हवे.

आम्ही स्वतः रहस्यकथेचे जुने व्यसनी. तेव्हा त्या मुलीचा कैवार घेण्यापूर्वी पावसाळ्याच्या चार महिन्यांत आम्ही जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊन कथा पहिल्यापासून पुन्हा वाचून काढल्या. १९११ ते १९३५ ह्या काळात त्यांचे पाच संग्रह निघाले. कथा पन्नासच्या वर आहेत. नायक एक कॅथलिक धर्मगुरू: बुटका, गोल चेहऱ्याचा, हातातली छत्री सदैव कुठेतरी पडणारी. शेरलॉक होम्सप्रमाणे तो बुटावरच्या चिखलावरून माणसाचा पत्ता सांगत नाही. त्याचे भांडवल एकच. वर्षानुवर्षे पापनिवेदनाच्या जाळीमागे बसून त्याने माणसांची खरी पापे ऐकली आहेत.

ह्या पात्राचा जन्मही मनोरंजक आहे. ब्रॅडफर्डचे धर्मगुरू फादर जॉन ओकॉनर हे चेस्टरटन यांचे स्नेही. एकदा बोलण्याच्या ओघात गुन्हेगारीच्या काही भयंकर प्रकारांविषयी फादरांना आपल्याहून कितीतरी अधिक ठाऊक आहे, हे पाहून चेस्टरटन थक्क झाले. थोड्याच वेळाने केंब्रिजचे दोन विद्यार्थी त्यांच्यापाशी म्हणू लागले की मठात कोंडून घेतलेल्या ह्या भल्या माणसांना जगातल्या दुष्टपणाची काय कल्पना! ह्या विसंगतीतून फादर ब्राऊन उभे राहिले. त्या वेळी लेखक स्वतः कॅथलिक नव्हता. १९२२ साली त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला, तो ह्याच फादर ओकॉनर यांच्या हस्ते. म्हणजे पात्र आधी कॅथलिक झाले आणि लेखक अकरा-बारा वर्षांनी त्याच्या मागून आला.

पहिली कथा 'द ब्लू क्रॉस' १९१० सालची. नीलमणी जडवलेला एक चांदीचा क्रूस घेऊन फादर ब्राऊन लंडनला चालले आहेत आणि धर्मगुरूचा वेश घेतलेला फ्लाम्बो नावाचा अट्टल चोर त्यांच्या सोबतीला लागला आहे. उपाहारगृहात साखरेच्या भांड्यात मीठ, भिंतीवर फेकलेले सूप, फुटलेली खिडकी असा विचित्र माग काढीत पोलिस अधिकारी त्यांच्यापर्यंत पोहोचतो. हा सारा खोडसाळपणा चोराचा नसून फादरांचा आहे, ही गंमत आहेच. पण आमच्या लक्षात राहते ती निराळीच गोष्ट. हा सोबती खरा धर्मगुरू नव्हे, ही फादरांची खूणगाठ पक्की कशामुळे होते? बोलता बोलता तो मानवी बुद्धीला कमी लेखतो म्हणून. श्रद्धा म्हणजे बुद्धीला रजा देणे, असा समज आपल्या शत्रूंचा असतो आणि कित्येकदा आपल्यातल्या भाविकांचाही. ह्या छोट्या धर्मगुरूला मात्र तो समज म्हणजे कच्च्या धर्मशिक्षणाची खूण वाटते.

'द क्वीअर फीट' ह्या कथेत लंडनच्या एका अतिश्रीमंत हॉटेलात मरणोन्मुख वेटरचे पापनिवेदन ऐकण्यासाठी फादर आले आहेत. शेजारच्या खोलीत लिहीत बसले असता बाहेरच्या बोळातली पावले त्यांना ऐकू येतात. एकाच माणसाची पावले, कधी लगबगीची तर कधी ऐटीत रेंगाळणारी. साहेबांचा काळा कोट आणि वेटरचा काळा कोट ह्यांत फरक तो काय, ह्या एका प्रश्नावर सारी कथा उभी आहे. मुंबईच्या हॉटेलांत आणि आगबोटींवर ज्यांच्या घरच्या माणसांनी हयात काढली, अशी कुटुंबे आपल्यांत थोडी नाहीत. ताट पुढे ठेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जेवणारा पाहत नाही, हे त्यांना कोणा इंग्रज लेखकाने सांगायला नको. तथापि सांगितले आहे फार छान.

आता ज्या कथेसाठी आम्ही हे सारे लिहीत आहोत तिच्याकडे वळतो. तिचे नाव 'द हॅमर ऑफ गॉड'. ती ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जावे. शेवट सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे सरकता येणार नाही.

एका खेड्यात दोन भाऊ आहेत. थोरला कर्नल, दारुडा आणि परस्त्रियांच्या मागे लागणारा. धाकटा विल्फ्रेड हा गावच्या अँग्लिकन चर्चचा पाळक, सदा प्रार्थनेत मग्न. एके सकाळी चर्चजवळच्या लोहाराच्या अंगणात कर्नल मरून पडलेला आढळतो. डोक्यावरच्या शिरस्त्राणासकट कवटीचा चुरा झालेला, आणि शेजारी पडलेली हातोडी मात्र अगदी लहान. एवढ्या लहान हातोडीने एवढा प्रचंड घाव घातला कोणी? संशय लोहारावर जातो; तो धिप्पाड आहे आणि बायकोवरून त्याचे कर्नलशी वैर आहे. पण तो त्या वेळी गावातच नव्हता. मग विल्फ्रेड गावातल्या एका वेड्या मुलाकडे बोट दाखवतो. शेवटी फादर ब्राऊन विल्फ्रेडला घेऊन चर्चच्या उंच सज्ज्यावर चढतात. तेथून खालची माणसे मुंग्यांएवढी दिसतात. फादर त्याला समजावतात की इतक्या उंचावर प्रार्थना करणे धोक्याचे असते. येथे गुडघे टेकणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की आपण ईश्वराच्या जागी बसलो आहोत आणि खालच्या किड्याला चिरडण्याचा अधिकार आपल्याला आहे. हातोडी वरून सुटली होती. घाव घातला तो उंचीने.

विल्फ्रेड विचारतो, तुम्हांला हे कळले कसे? तुम्ही सैतान तर नव्हे? फादरांच्या उत्तराचा आशय असा, की मी माणूस आहे, म्हणून सगळे सैतान माझ्याही हृदयात आहेत. पुढे ते त्याच्या बाजूची एक गोष्ट त्याला दाखवून देतात. लोहारावर आळ ढकलणे सोपे असताना त्याने तो वेड्यावर ढकलला, कारण वेड्याला फाशी होणार नाही हे त्याला ठाऊक होते. एवढा दयेचा अंश त्याच्यात शिल्लक आहे. म्हणून फादर त्याला पोलिसांच्या हवाली करीत नाहीत. पापनिवेदनासारखेच हे गुपित राखण्याचे वचन देतात आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोपवतात. विल्फ्रेड खाली उतरतो आणि आपण होऊन कबुली देतो. ही कथा पूर्वी आम्ही कोड्यासाठी वाचली होती. ह्या खेपेस वाचताना पहिल्या बाकावर बसून मागच्या बाकांकडे वळून पाहणारी आमचीच नजर आठवली. धार्मिक माणसाचे खास पाप कोणते, हे प्रायश्चित्तकाळातल्या कित्येक प्रवचनांतून आमच्या अंगी लागले नव्हते.

पुढच्या एका संग्रहात फादर आपली पद्धत सांगतात. गुन्हेगाराला बाहेरून, एखाद्या कीटकासारखा न्याहाळायचे नाही. त्याच्या आत शिरून, हे मी स्वतः कसे केले असते, असे स्वतःला विचारीत जायचे, ते थेट आपणच खुनी आहोत असे वाटेपर्यंत. 'द चीफ मोर्नर ऑफ मार्न' ह्या कथेचा गाभा क्षमा हा आहे. तिचा शेवट आम्ही सांगत नाही. एवढेच सांगतो, की स्वतःला उदार म्हणवणारी प्रतिष्ठित मंडळी ज्याला क्षमा म्हणतात, ती बहुधा त्यांना मुळात पापच न वाटणाऱ्या गोष्टींची असते, हे तिने आम्हांला कठोरपणे दाखवून दिले.

आपल्या मराठी रहस्यकथेशी हे ताडून पाहण्याचा मोह आवरत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ह्यांनी आमच्या वडिलांच्या पिढीला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मोठे आहे. पण तेथे दुष्ट तो दुष्टच, आणि वाचकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नारायण धारपांच्या भयकथांत दुष्ट शक्ती बाहेरून येते आणि समर्थांसारखा अधिकारी पुरुष तिला परतवतो. अंगावर काटा येतो, पण आरशात पाहावेसे वाटत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मात्र त्या आरशाच्या जवळ जातात. त्यांतले भय पुष्कळदा साध्या घरातल्या साध्या माणसाच्या मनातूनच वर येते. तेराचौदा वर्षांच्या मुलांच्या हाती त्या द्याव्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रात्रीची झोप हीसुद्धा ईश्वरी देणगी आहे.

फादर ब्राऊन कथांचे दोष झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तरार्धातल्या कथांत चमत्कृती यांत्रिक झाली आहे. नास्तिक पात्र आले की ते चुकणार, हे आधीच कळते, आणि प्रतिपक्षाला इतके दुबळे करून मिळवलेला विजय आम्हांला गोड लागत नाही. त्याहून गंभीर दोष 'द राँग शेप' ह्या कथेत आहे. तीत एक हिंदू साधू आहे. गुन्हा त्याचा नाही, खुनी इंग्रजच निघतो. परंतु पौर्वात्य आकारांत, खंजिराच्या वळणातच काहीतरी अमंगळ आहे, असे स्वतः फादर ब्राऊन यांच्या तोंडून वदवले आहे. ज्या देशाच्या मातीत आपण जन्मलो, त्याच्या गालिच्यावरच्या वेलबुट्टीत सैतान पाहणारा हा लेखक त्या दिवशी स्वतःच उंच सज्ज्यावर उभा होता, असे आम्हांला वाटते. 'द गॉड ऑफ द गाँग्ज'मध्ये कृष्णवर्णीयांविषयी जे आहे ते याहून वाईट. ती कथा आम्ही मुलांना वाचायला देणार नाही; दिलीच तर शेजारी बसून देऊ.

रोनाल्ड नॉक्स ह्या दुसऱ्या कॅथलिक धर्मगुरूची येथे आठवण होते. त्यांनी स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. खुनी कथेत लवकर दिसला पाहिजे, अद्भुत शक्तींना मज्जाव, सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, असे ते नियम. कथेत चिनी माणूस नको, असाही त्यांत एक नियम आहे. परका चेहरा दिसला की तोच खलनायक, ह्या त्या काळच्या स्वस्त रूढीला तो टोला होता. ह्याच नॉक्स यांनी पुढे एकट्याने बायबलचे इंग्रजी भाषांतर केले. नवा करार १९४५ साली आणि जुना करार १९४९ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रवचन आणि खुनाची कथा एकाच टेबलावर राहू शकतात, ह्याला आमच्या मते एवढा दाखला पुरे.

ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी होती. तिचे कायदेशीर बंधन १९६६ साली संपले आणि निवडीचा भार वाचकाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर आला. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्यवाचनावर खास पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपल्या शिक्षकीतली एक आठवण दिली आहे. १९६४-६५ साली ते विद्यार्थ्यांना साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात जुने 'एल सिद' काव्य होते आणि मुलांना हवा होता गार्सिया लॉर्का. त्यांनी 'एल सिद' घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. त्या मातेला आम्ही हीच गोष्ट सांगितली.

तिच्या मुलीसाठी पुस्तके सुचवली ती अशी. आरंभ सत्यजित राय यांच्या फेलूदापासून करावा. अशोक जैन यांनी ह्या कथा मराठीत आणल्या आहेत. त्यांत रक्तपात बेताचा आणि प्रवास भरपूर. जैसलमेरची सोनेरी किल्ल्याची कथा तर घरातल्या सर्वांनी मिळून वाचावी. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासूनचा. तो स्वतःला गुप्तहेर न म्हणता सत्यान्वेषी म्हणवतो, आणि हा शब्दच आम्हांला फार आवडतो. तो दहावीनंतर. इंग्रजी बरे असेल तर एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेल ह्या बेनेडिक्टाइन मठवासीच्या वीस कादंबऱ्या आहेत. बाराव्या शतकातला मठ, औषधी वनस्पतींचा बगीचा आणि माणसांविषयी अपार कणव. उंबेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोझ' मोठ्यांसाठी राखून ठेवावी. १३२७ सालच्या मठातली ती कथा विद्वत्तेने जड आहे आणि तिच्यातली ख्रिस्तसभा पाहून मन अस्वस्थ होते, आमचेही झाले.

आणि फादर ब्राऊन? पहिला संग्रह पुरे, पुढचे संग्रह निवडून. चेस्टरटन १९३६ साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. आमच्या वाचकांपैकी एखाद्या महाविद्यालयीन तरुणाने वा तरुणीने 'द हॅमर ऑफ गॉड' मराठीत उतरवायला घेतली तर परवानगीसाठी कोणाचे दार ठोठवावे लागणार नाही. सज्ज्यावरचा तो संवाद मराठीत आणणे सोपे नाही. दोन परिच्छेद आम्ही करून पाहिले आणि फाडून टाकले.